कव्हर एक, कॅसेट दुसरी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारामतीतल्या आमच्या गल्लीत व्हीसीआर फक्त माझ्याकडे होता. एका रविवारी दुपारी मी दुकानातून हाणामारीचा चित्रपट आणला. कव्हर बरोबर होतं, आतली कॅसेट दुसरीच निघाली. हाणामारी तिच्यातही होती, पण एकाच घरातली. नवरा बायकोला मारतो, ती दोन मुलं घेऊन पळते आणि पुढचे दोन तास तिला कुणी धड आसरा देत नाही. गाणं एकही नाही.

बारा बाय दहाच्या खोलीत आम्ही एकोणतीस जण होतो. चित्रपट सोसवेना, पण धरलेली जागाही सोडवेना. शेवटाकडे ती बाई दमून नवऱ्याच्या दारात परत येते, कडीला हात घालते. तेव्हा गल्लीतले सर्वांत वडीलधारे तात्या गुडघ्यांवर उठून ओरडले, "जाऊ नगं बाई, मारून टाकील त्यो!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एमआयडीसीत कामाला असलेला माझा शेजारीही चुकचुकला. त्याच्या एका भिंतीला माझं घर लागून होतं, दुसरीला तात्यांचं. तो बायकोला मारायचा ते दोन्हीकडे ऐकू येई. आवाज वाढला की आम्ही रेडिओ वाढवत असू. त्याची बायको दाराच्या चौकटीशी उभी राहून चित्रपट बघत होती. ती काही रडली नाही.

पुढच्याच आठवड्यात तो कामावर गेल्यावर ती मुलांना घेऊन सणसरला माहेरी निघून गेली.

दोष माझ्यावर आला. "असलं काय बी तुमीच दाखवलं," तात्या म्हणाले, "आता तुमीच चला." तिला नांदायला परत आणण्यासाठी आम्ही चौघं एसटीनं निघालो. नवऱ्याला नेलं नाही. काम समजूतदार माणसांचं होतं.

सणसरला तिच्या वडिलांनी घोंगडी अंथरली, चहा दिला. तात्यांनी सुरुवात केली. "संसारात थोडंफार व्हतंच, पोरी. मानूस वाईट न्हाय, जरा तापट हाय. पोरांची शाळा बुडतीय. ऊठ, पिशवी भर."

वडील तिच्याकडे न बघता तात्यांकडे बघत होते. त्यांचं ठरत नव्हतं. तात्यांनी आणखी थोडा जोर लावला असता, तर त्यांनी तिला आमच्याबरोबर धाडलंच असतं.

ती चौकटीशी उभी होती, माझ्या घरी उभी होती तशीच.

"तात्या, त्या बाईला जाऊ नगं म्हणून तुमीच वरडला न्हवं?"

"कुठल्या बाईला?"

"पिच्चरमधल्या."

"अगं, ती पिच्चरमधली."

"व्हय. तिला तर तुमी वळखत बी न्हवता. मला सात वर्सं झाली ऐकताय."

तात्यांनी बशीत बघितलं. बशी रिकामी होती.

तिच्या वडिलांनी उठून कप गोळा केले. "पाव्हणं," ते म्हणाले, "साडेतीनची एसटी हाय. चुकवू नका."

बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर तात्या म्हणाले, "म्होरल्या वक्ताला कॅसेट दुकानातच लावून बघत जावा."