मोटरच्या पेटीची किल्ली

सर्व विद्यार्थ्यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वस्तूच्या पोटात जे खासगी आहे त्याला बाहेरच्याने हात लावू नये. लावल्यास होणाऱ्या अनर्थाला तो स्वतः जबाबदार राहील.

नगरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचं दुसरं प्रकरण मी असंच, हात उंचावून, दवंडी पिटल्यासारखं सुरू करतो. वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, प्रोग्रॅमचा एक सुटा भाग. 'प्रायव्हेट' म्हणजे आतलं, त्या वस्तूनेच हाताळायचं. 'पब्लिक' म्हणजे बाहेरच्यांसाठी ठेवलेलं बटण. पोरं हसतात. मी हे पुस्तकातून शिकलो नाही, एक मोटर जाळून शिकलो.

सत्तर सालानंतरची, पाऊस दडी मारून बसलेली वर्षं. सोनईजवळच्या आमच्या विहिरीवर नवी मोटर बसली आणि थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, तिचा स्टार्टर, म्हणजे चालू-बंदची बटणं आणि बिघाड होताच मोटर थांबवणारी यंत्रणा, लाकडी पेटीत घालून कुलूप ठोकलं. किल्ली करदोट्याला. पाणी हवं तर त्यांना विचारायचं. तेच चालू करणार, तेच बंद करणार. मी वायरमनचा कोर्स करून नुकताच आलो होतो. सर्टिफिकेट दाखवून किल्ली मागितली, तर कागद उलटसुलट करून म्हणाले, याच्यावर किल्ली द्यायचं कुठं लिहिलंय? तेव्हापासून आमचा उभा दावा. जेवायला एका पंगतीत, पण मी त्यांच्याकडे पाठ करून.

मग आबा चार दिवस पाथर्डीला लग्नाला गेले, किल्लीसकट. इकडे चुलतीच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, मोसंबीची पानं वळायला लागली. कळशी-कळशीने जगवलेली झाडं, पहिलाच बहर. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने एक वळलेलं पान आणून माझ्या हातावर ठेवलं. मला तेवढं पुरलं. पेटीला मी बोटही लावलं नाही. मेन स्विचकडून वायर ओढली आणि थेट मोटरला जोडली. पाणी आलं. मी पाटाच्या कडेने चक्क नाचलो. अर्ध्या तासात विजेच्या तीनपैकी एक फेज गेला. स्टार्टरने मोटर बंद पाडली असती, ते त्याचं कामच. पण त्यालाच तर मी बगल दिली होती. मोटर घुमली, तापली आणि जळक्या वासाने विहीर भरली.

चूक माझी, पक्की. पण आबांनी आतलं झाकताना बटणही आतच कोंडलं होतं. हे आता फळ्यावर लिहून सांगता येतं. ते परतले त्या संध्याकाळी नाही आलं.

"पेटीला कुनी हात लावला?"

"पेटीला न्हाई लावला, आबा."

"मंग मोटर काय ऊन लागून मेली?"

पुढे त्यांनी माझं सर्टिफिकेट चुलीत घालण्याचा निकाल दिला. मोटर श्रीरामपूरला नेऊन नवी तार भरून आणायची म्हणजे आठ दिवस. तोवर झाडं वाळली तर पाप माझ्या माथी. शेवटी करदोट्यावर थोपटत म्हणाले, किल्ली माझ्यापाशी होती म्हणून पेटी तरी वाचली. त्यांच्यापुढे आजवर मान वर न केलेली चुलती भाकरी थापता थापता बोलून गेली:

"लग्नाला किल्ली घिऊन गेलात, मंग मोसंबीबी संगं न्यायची हुती."