आठ सिलिंडरचा हबीब मिस्त्री

सन १९८६. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. लिलावात घेतलेली पेट्रोलची जीप घेऊन मी बल्लारपूरला हबीब मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं होतं. त्या काळी आमच्या भागात ज्याला त्याला हेच करायचं होतं, आणि या कामात हबीब मिस्त्रीचा हात धरणारा चंद्रपूर जिल्ह्यात कोणी नव्हता.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. एक लांब स्क्रू ड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "चांगलं इंजिन हाय. याले पयले पुलावरून फिरवून आण."

"काऊन? काढाचंच हाय नं?"

"म्हणूनच. काढाच्या आधी एकदा पोटभर पळू दे त्याले. नदीच्या पुलापर्यंत जा, दाबून चालव, वापस ये. मंग मी पाना लावतो."

मी म्हटलं, मरणाऱ्या इंजिनात पेट्रोल जाळायला मी वेडा नाही. त्याने बॉनेट खाली घेतलं आणि दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. मीही हट्टी माणूस. चौथी शिकलो, पण कोणाचं ऐकायला शिकलो नाही. दुपारपर्यंत मी माझ्या जीपमध्ये बसून राहिलो आणि तो त्याचं काम करत राहिला. शेवटी तोच एक डबा घेऊन आला, स्वतःचं पेट्रोल माझ्या टाकीत ओतलं आणि म्हणाला, "घे. आता तं तुहं काई जाऊन नाई राह्यलं. जा."

मी गेलो. वर्धा नदीच्या पुलावर ॲक्सिलेटर दाबला तेव्हा जीप अशी काही उसळली की माझी पाठ सीटला चिकटली. तीन महिने मी ती गाडी जपून जपून चालवली होती, तिच्यात एवढा जोर आहे हे मला माहीतच नव्हतं. परत आलो तेव्हा मिस्त्रीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाना हातात घेतला. प्रत्येक इंजिनाला तो असा निरोप द्यायचा. ज्याला ही रीत कबूल नाही त्याने दुसरा मिस्त्री पाहावा.

गॅरेजच्या मागे टिनाच्या शेडमध्ये त्याची स्वतःची गाडी होती. अमेरिकन बनावटीची, आठ सिलिंडरची, कच्च्या आंब्यासारख्या हिरव्या रंगाची. कोण्या लाकडाच्या ठेकेदाराची ती गाडी लाकूड चिरायच्या आरामशीनच्या आवारात मोहाच्या झाडाखाली सडत पडली होती. मिस्त्रीने ती भंगारात घेतली आणि सहा वर्षं एकेक पुरजा घासून उभी केली. जगातल्या बाकी सगळ्या त्याच्यासाठी गाड्या होत्या. ही एकटी मोटार.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं, "मिस्त्री, लिटरले किती देते?"

"देत नाई, घेते. चार किलोमीटरले एक लिटर घेते. देणारी पायजे तं शेळी पाळ."

"अन् दिवसभर तुमी लोकायचे पेट्रोल इंजिन काढता ते?"

"लोकायले पोट हाय, मलेही हाय. ते पोटाचं काम. पण डोमाभाऊ, कानाले का खाऊ घालू? डिझेलचा खडखडाट?" असं म्हणून त्याने मोटार सुरू केली. शेडचे पत्रे थरथरले. तो आवाज कानात कमी आणि छातीत जास्त जायचा. मग त्याने चहाचा भरलेला कप इंजिनावर ठेवला. पत्रे थरथरत होते, पण कपातला चहा काठाबाहेर आला नाही. "जोर म्हणजे हा," तो म्हणाला. "हलते दुसऱ्याचं घर. आपला कप नाई."

आमचा वाद तिथून जो सुरू झाला तो सदतीस वर्षं चालला. मी आलापल्ली–एटापल्ली सवारी जीप चालवायचो आणि ॲव्हरेज हाच माझा धर्म होता. मी त्याला म्हणायचो, तुम्ही पेट्रोल नाही, पाप जाळता. तो म्हणायचा, "मी आठवडाभर पायी चालतो. मशिदीत पायी, बजारात पायी. शुक्रवारी नमाजानंतर मोटार काढतो, नदीपर्यंत जातो, वापस येतो. महिन्याचं पाच लिटर. तू एका दिवसात किती जाळतो? सांग आता, उधळ्या कोण?" मग मी विषय बदलायचो.

आणखी एक गंमत. एवढ्या जोराची मोटार तो चाळीसच्या वर नेत नसे. स्कूटरवाले पुढे निघून जायचे. मी टोमणा मारला तर म्हणाला, "ज्याच्यापाशी जोर हाय त्याले घाई नसते. घाई तुह्या जीपले हाय." लोक नवी गाडी घेऊन यायचे, ॲव्हरेज कमी देते म्हणून रडायचे. मिस्त्री आधी चाकांत हवा भरायचा. "हवा फुकट हाय, म्हणून कोणी भरत नाई," म्हणायचा. मग मालकाचा उजवा पाय पाहायचा आणि म्हणायचा, "ॲव्हरेज टाकीत नसते, साहेब. इथी असते."

माझ्या एका सवयीवर मात्र तो मनापासून चिडायचा. उतार आला की मी गाडी न्यूट्रल करायचो आणि चाबी बंद करायचो. तेवढंच डिझेल वाचतं. ही काही माझी एकट्याची अक्कल नव्हती, आमच्या स्टँडवरची ती रीतच होती. उतारावर गाडी गप्प झाली की सवाऱ्यांनाही काही वाटत नसे, उलट बोलायला बरं पडायचं. मिस्त्री म्हणायचा, "चालत्या गाडीचं काळीज बंद करतो तू. दोन घोट डिझेलसाठी."

दोन हजार तीन साली मी दुसरी जीप घेतली. तिचा ब्रेक जड होता, पाय दुखायचा. मिस्त्रीने त्यात बूस्टर बसवून दिला. ब्रेक लोण्यासारखा झाला. गाडी ताब्यात देताना त्याने माझं मनगट धरलं. "आता आयक. हा ब्रेक इंजिनाच्या दमावर चालते. उतारावर चाबी बंद केली तं एक डाव लागन, दोन डाव लागन, मंग पायाखाली दगड. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं. मनात म्हटलं, पंधरा वर्षं उतरून राह्यलो, मला शिकवतो.

चौथ्या दिवशी एटापल्लीच्या बाजाराला जात होतो. गाडीत अकरा माणसं. जंगलातला लांब उतार, खाली नाला. मी चाबी बंद केली. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यावर लागला. तिसऱ्या वळणावर म्हशी आडव्या आल्या आणि पायाखाली दगड लागला. मी दोन्ही पायांनी दाबला. जीप नाल्यात गेली.

देवाची कृपा, कोणी मेलं नाही. एटापल्लीच्या बाजारात चिंच आणि मोहफुलं विकणारी सोमीबाई, तिचा उजवा हात कोपरातून मोडला. लोकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "ब्रेक नाई लागला." खोटं नव्हतंच ते. कोणीतरी विचारलं, ब्रेकचं काम कोणाकडे केलं? मी नाव सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

निरोप गेला तसा दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री साखळी आणि कप्पी घेऊन आला. पोलीस पंचनाम्याला दुपारी येणार होते. मी डोक्याला पट्टी बांधून काठावर बसलो होतो. तो नाल्यात उतरला, जीपभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं. चाबी बंदच होती. मग खिडकीतून हात घातला आणि चाबी फिरवून चालूवर केली. गिअर न्यूट्रलला होता, तोही टाकला. वर आला, माझ्या शेजारी बसला आणि बिडी पेटवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

पोलीस आले तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, "ब्रेकचं काम माहं होतं, साहेब. फॉल्ट असू शकते. लोखंड हाय."

मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर उभे होते आणि मी त्यांच्यातला सगळ्यात जुना. मी तोंड मिटलं. माझं लायसन वाचलं. महिन्याभरात माझ्या गाडीत पुन्हा माणसं बसू लागली.

मिस्त्रीकडे मात्र ब्रेकच्या कामाला कोणी येईना. सोमीबाईचा हात वाकडाच जुळला. ती दर बाजारी तो हात दाखवून सांगायची, "त्या बल्लारपूरच्या मिस्त्रीनं मोडला." बाजारात सांगितलेली गोष्ट किती गावांना जाते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. पुढच्या वेळी मी गॅरेजवर गेलो तर दारावरच्या टिनाच्या पाटीवर "इंजिन, गिअर, ब्रेक" यातल्या शेवटच्या शब्दावर त्याने काळा रंग फासला होता. मी पाटीकडे पाहिलं, त्याने ते पाहिलं. म्हणाला, "चहा घेशील?"

त्या दिवसानंतर मी एकाही उतारावर चाबी बंद केली नाही. पण हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. वाद मात्र पहिल्यासारखाच चालू ठेवला. मी ॲव्हरेजचं बोलायचो, तो मोटारीचं. वीस वर्षं अशी गेली.

गेल्या वर्षी त्याच्या फुप्फुसाने दगा दिला. भेटायला गेलो तर खाटेवर उशीला टेकून बसला होता. आवाज अगदी बारीक झाला होता. मला पाहून म्हणाला, "डोमाभाऊ, मोटार काढ. मले पुलापर्यंत ने."

"मी? मी तं कधी हात नाई लावला तिले."

"म्हणूनच. तुले तं कळू दे आपण कायच्यावर भांडत होतो."

त्याला उचलून मोटारीत बसवलं. पिसासारखा झाला होता. मी चालवू लागलो. पुलाचा सरळ रस्ता आला तेव्हा त्याने बोटाने खूण केली, दाब. मी दाबला. मोटारीने आवाज नाही वाढवला, फक्त रस्ता ओढून घेतला. पासष्टीच्या वयात माझी पाठ पुन्हा तशीच सीटला चिकटली, अठ्ठाविसाव्या वर्षी चिकटली होती तशी. मी हसलो. तोही हसला आणि खोकला. "आता इचार, लिटरले किती देते," म्हणाला.

पलीकडून वळून परत निघालो. पुलावरून खाली उतरताना थोडा उतार आहे. तिथे त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "चाबी चालू ठेव बरं, भाऊ."

वीस वर्षांत त्या गोष्टीवर तो बोलला ते एवढंच. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हो." गाडीत आम्ही दोघंच होतो, रस्ता रिकामा होता. यापेक्षा सोपी जागा मला मिळणार नव्हती. घरापर्यंत मोटार आणली, त्याला खाटेवर निजवलं, सलाम केला आणि माझ्या गावाला निघून आलो.

नवव्या दिवशी तो गेला. मातीला मी होतो. तीन मुठी माती टाकली. कब्रस्तानच्या फाटकापाशी माणसं चपला घालत होती, तेव्हा चंद्रपूरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "इंजिनात असा मिस्त्री होणे नाई. ब्रेकमंधी तेवढा हात कच्चा होता." दोघातिघांनी माना हलवल्या. माझी चप्पल हातातच राहिली. तिथेही मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप काढली आणि एटापल्लीला गेलो. तो उतार आला तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवली. बाजाराचा दिवस होता. सोमीबाई आता पार म्हातारी झाली आहे, चिंचेच्या ढिगामागे बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं, की चाबी मी बंद केली होती, मिस्त्रीने बजावलं होतं तरी केली होती, आणि त्याने ते माझ्यासाठी लपवलं.

ती वाकडा हात मांडीवर ठेवून ऐकत होती. म्हणाली, "तो मिस्त्री कुठी हाय?"

"काल मेला."

"मंग आता काऊन सांगून राह्यला? तो आयकत होता तवा सांगाचं होतं."

ती वाकडा हात जमिनीला टेकत उठली. "चाल," म्हणाली. "माह्या एकटीले सांगून का होते? मी तं साऱ्या बजाराले सांगितलं होतं."

जीप स्टँडवर पंधरा-वीस ड्रायव्हर उभे होते, काही माझ्याच हाताखाली तयार झालेले. सवाऱ्या बसत होत्या. सोमीबाईने मला त्यांच्यामध्ये नेऊन उभं केलं आणि स्वतः बाजूला झाली. मी टोपी काढली. म्हणालो, "दोन हजार तीनचा ॲक्सिडेंट. हबीब मिस्त्रीचा ब्रेक बरोबर होता. चाबी मी बंद केली होती."

सोमीबाई म्हणाली, "मोठ्यानं. मांगच्यायले आयकू नाई गेलं."

मी पुन्हा सांगितलं.