मिलिंदचे फाउल

“मॅचला सरासरी चार पॉइंट, अन् मागतोय दीडपट? कोच, काय करायचं याचं?” एचआरच्या साहेबांनी फाइल माझ्याकडं सरकवली.

वाळूजच्या एका कंपनीच्या बास्केटबॉल टीमचा मी कोच. मिलिंद साळवे आमचा डिफेंडर. त्याचा करार संपत आला होता अन् पुण्याच्या एका टीमनं त्याला दीडपट पैसे देऊ केले होते. आदल्या दिवशीच त्यानं मला ग्राउंडवर गाठलं होतं.

“सर, तेवढे मिळाले तर मी इथंच राहतो. बजाजनगरात आई हाये. तिला पुण्यात करमायचं नाय, अन् इथं एकटी ठेवायची कशी? तुमी सांगा ना साहेबांना.”

“सांगतो की!” मी म्हणालो.

मिलिंद बास्केट फारशा करायचा नाही. तो स्क्रीन लावायचा. म्हणजे आपल्या शूटरच्या मागं लागलेल्या माणसाच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं अन् धक्का छातीवर घ्यायचा. शूटर मोकळा होतो, टाळ्या त्याला पडतात. शिवाय समोरचा एखादा सुसाट निघाला की मी बाहेरून ओरडायचो, “मिलिंद, अडव त्याला!” तो मुद्दाम फाउल करायचा. समोरच्यांची हुकमी बास्केट टळायची, फाउल त्याच्या नावावर लागायचा.

हे सगळं साहेबांना सांगायचं ठरवूनच मी गेलो होतो. पण फाइलमधला आकडा बघितला अन् डोकंच फिरलं. तेवढा पगार मला नव्हता. इतकी वर्षं शिट्टी फुंकतोय, अन् माझ्याच हाताखालचा खेळाडू माझ्यापेक्षा जास्त घेणार? पोटात दुखलं, दुसरं काय!

मी स्कोअरशीट पुढं केली. “पॉइंट कमी, फाउल टीममध्ये सगळ्यात जास्त. असले खेळाडू कुठंही मिळतात, सर.”

साहेबांनी फाइल मिटली. “मला वाटलं, तुम्ही त्याच्यासाठी भांडाल. बजेटात बसवलं असतं मी. पण तुम्हीच असं म्हणताय, तर विषय संपला.”

तेव्हाही बोलता आलं असतं. मी चहा प्यायलो अन् उठलो.

मिलिंद पुण्याला गेला. पुढच्या सीझनला आमच्या शूटरला हात वर करायलाही जागा मिळेना. पहिल्याच फेरीत आम्ही बाहेर. त्याचं काय एवढं, हारजीत चालायचीच.

दिवाळीत मिलिंदचा फोन आला. “सर, आईला तिकडंच मुकुंदवाडीला बहिणीकडं ठेवलंय. दाजी कुरकुर करतेत, पण भागतंय. तुमी माझ्यासाठी लई भांडला असाल, ठाऊक हाये मला. साहेबच ऐकणारे नायत.”

“व्हय रे,” मी म्हणालो. चक्क म्हणालो! त्या ‘व्हय’ची मला आजही लाज वाटते.

एखाद्या खेळाडूला जास्त पैसे देऊन ठेवावं का, हे कोचला जरूर विचारावं. फक्त त्याआधी कोचला पगार किती आहे, तेवढं बघून घ्यावं.