प्लास्टिकचा दस्ता

आमच्या घरची एकनळी बंदूक माझ्या वडिलांची. बपेऱ्याकडच्या आमच्या धानाच्या बांध्यांत रानडुकरं उतरतात, म्हणून तिचा परवाना. तिनं जीव थोडे घेतले, आवाजच जास्त केला. घोड्याभोवतीचं कडं एकदा दगडावर आपटून तुटलं, तेव्हा वडिलांनी मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव लोहाराकडून तापवून, वाकवून तिथं बसवली. दिसायला ओबडधोबड, पण वडील गेले तरी ते कडं हाललं नाही.

मागच्या निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला गेलो, तर हवालदार माझ्या थरथरत्या हाताकडे पाहत म्हणाला, "आजोबा, आता पोराले देऊन टाका."

"तुम्ही तुमची नोकरी देऊन टाकली का पोराले?" मी म्हटलं.

पण त्याच पावसाळ्यात ती बांधावर माझ्या हातातून निसटली. भरलेली होती. बायकोनं पाहिलं. घरी येऊन नुसती बसून राहिली. मग परवाना मुलाच्या नावावर करायला मी सही दिली.

मुलाच्या डोक्यात नवी बंदूक आधीपासूनच होती. "बाबा, हे धूड घेऊन फिरलो का खांदा निघते. नवीनचा दस्ता प्लास्टिकचा, कडंही प्लास्टिकचं. पाण्यात पडली तरी फुगत नाही, गंजत नाही."

"बंदूक घेऊन राहिला का बादली?"

"बादलीच समजा," तो हसला. मग हळूच म्हणाला, "दुकानदार जुनी घेतो म्हणते. देऊ का ठेवू?"

मला ठेव म्हणायचं होतं. पण स्वतःच्या बापाच्या वस्तूसाठी पोरापुढे हात पसरायचा? म्हटलं, "परवाना तुहा, बंदूक तुही. मले कायले विचारतं?" वाटलं, एवढ्यावरून समजेल. लहानपणापासून पाहतो आहे मला.

तो नागपूरला गेला आणि नवी घेऊन आला. जुनीचं दुकानदारानं काय केलं, त्यानं विचारलं नव्हतं. कुण्या कोपऱ्यात उभी असेल, नाहीतर कापून भंगारात गेली असेल.

दसऱ्याला हत्यारांची पूजा. पाटावर विळे, कुऱ्हाड, फाळ, आणि मधोमध ती काळी, चकचकीत. मी ओसरीतच बसलो. बायको दारात आली. "तो केव्हाचा ताट धरून उभा आहे. पहिलं बोट घरातल्या मोठ्याचं."

"लावून घे म्हणा."

"नाही लावत म्हणते. तुमचाच पोरगा आहे."

आत गेलो. मुलानं माझ्याकडे पाहिलं नाही, नुसतं ताट पुढं केलं. कुंकवात बोट बुडवलं. दस्त्यावर नेलं, तिथंच थांबलं. मग सरकवून नळीवर लावलं. नळी तेवढी लोखंडाची होती.

दस्त्याला नंतर त्यानं लावलं.