आठवी ‘ब’चा वाचनतास

अन्याय आठवी ‘ब’च्या मुलींवर झाला. या दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या सोमवारी, प्रार्थना संपल्या संपल्या. त्यातही एकीवर जास्त. आठवीत येऊनही जोडाक्षर दिसलं की तिला घाम फुटायचा. बाकीच्यांचा वाचनाचा तास गेला, हिचं वाचायला शिकणंच थांबलं.

मी उदगीर तालुक्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. त्याआधी नांदेडला कॉलेजात असताना वसतिगृहाच्या पाण्यापासून एसटीच्या पासापर्यंत सगळ्यावर पत्रकं काढायचे. त्यामुळे गोडगोड लिहायची सवय नाही. इथंही लिहिणार नाही.

शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक खोली, भिंतीला लागून कपाटं आणि मध्ये सतरंजी. शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलं कबड्डीला जायची, मुली माझ्याकडे यायच्या. आम्ही दीपगृहावर राहणाऱ्या बापलेकीची एक कादंबरी वाचत होतो. प्रत एकच. म्हणून पुस्तक गोल फिरायचं, जिच्या हातात येईल तिनं एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. नियम एकच: कोणी अडली तर शब्द पुरवायचा नाही. गप्प बसून थांबायचं. हा नियम पाळायला मुलींना वाचण्यापेक्षा अवघड गेला.

जोडाक्षरांना घाबरणाऱ्या त्या मुलीकडे पुस्तक आलं की तिला नेमकी तहान लागायची. दोन-तीनदा ती पाण्याला गेली ती तास संपल्यावरच उगवली. मी काही म्हणायच्या आत पुढ्यातली एक पोरगी म्हणाली, “मॅडम, हिला बापाचं देऊ. बाप लई कमी बोलतोय.”

खरंच होतं. त्या कादंबरीतला बाप “हं”, “बघू”, “वारा वाढला” याच्या पुढं जात नाही. मग ठरलं, बापाची सगळी वाक्यं हिची, पुस्तक कोणाच्याही हातात असो. पहिल्या दिवशी तिनं “हं” इतक्या जोरात म्हटलं की सगळ्या हसल्या, तीही हसली. त्या दिवसानंतर तहान लागली नाही. दसऱ्याच्या आसपास तर तिनं भांडणच काढलं.

“मॅडम, ह्यो बाप मुका हाय का? मला लेकीचं द्या.”

“बगा गं, बापाला प्रमोशन पायजे!”

“हाव, पायजे. तुला काय करायचंय?”

लेकीचं मिळालं. पहिल्याच वाक्यात ‘क्षितिज’ आलं. ती थांबली. आम्ही थांबलो. बाहेर कबड्डीचा आरडाओरडा चालू होता. तिनं बोट ठेवून ते अक्षर फोडलं, जोडलं, आणि पुढं गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढं काय झालं याचीच सगळ्यांना घाई होती.

हाच प्रयोग मी घरी आईवर केला. सुट्टीला गावी जाताना पुस्तक पिशवीत असायचं. आई चौथी शिकलेली. लग्नपत्रिका आणि लाईटबिल एवढंच तिचं वाचन. तूर निवडता निवडता आधी म्हणाली, “चष्मा न्हाई.” चष्मा आणून दिला. मग बापाची वाक्यं तिची झाली. “बघू,” ती वाचायची आणि पदरचं जोडायची, “सगळे बाप्ये एकाच साच्यातले.”

वडील पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, “हं.”

मी आंघोळीला गेले की ती गुपचूप पुढची पानं वाचायची. एकदा निघताना म्हणाली, “ठेव की हितंच.” म्हटलं, शुक्रवारी पोरींना लागतंय. “मग शाळेला एकच पुस्तक कसं गं माय?” मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि एसटी गाठली.

तर तो सोमवार. मी गेले तेव्हा खोलीत बाकडी लागली होती आणि पुस्तकं सोयाबीनच्या पोत्यांत भरून प्रयोगशाळेच्या टेबलाखाली ढकलली होती. खोली आता आठवी ‘अ’मधल्या निवडक पोरांच्या फाउंडेशन बॅचची. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी आठवीपासून. लातुरात हे चालतं, मग आमच्यात का नको?

मुख्याध्यापक शांत होते. “मॅडम, अवांतर वाचनानं कुणाचा नंबर लागला का? पालकांची मागणी हाय.”

“सर, ‘ब’च्या मुलींचे पालक काही मागत नाहीत म्हणून त्यांचा तास घ्यायचा?”

“घेतला कुठं? व्हरांड्यात बसा की.”

त्या शुक्रवारी व्हरांड्यात बसलो. मोठ्यानं वाचल्यामुळं आतल्या टेस्टला त्रास होतो, असा निरोप घेऊन शिपाईमामा आले. बिचारे खाली बघून बोलले. झालं, तास संपला.

पुढच्याच आठवड्यात तासाला, सगळ्या वर्गासमोर, मराठीच्या सरांनी ‘क्षितिज’ वाचणाऱ्या त्या मुलीला उभं करून वाचायला लावलं. ती एका शब्दावर अडली. मागून एका पोरानं शब्द पुरवला, दुसऱ्यानं तिची नक्कल केली, वर्ग हसला. त्या दिवसापासून हिचा घसा बसलाय. कोणीही वाचायला सांगितलं की घशाकडं बोट दाखवते.

मी पोत्यातून ती कादंबरी शोधून काढली. मधल्या सुट्टीत सायकली लावतात तिथं आम्ही दोघी बसतो. ती बसते, ऐकते. वाचत नाही. तिला माझ्यासमोर वाचायचं नाही, मैत्रिणींच्या गोलात वाचायचंय, आणि तो गोल बसवायला आम्हाला जागा नाही. जिला परीक्षेतला प्रश्नच वाचता येत नाही, ती त्याचं उत्तर कसं शोधणार, हे मी मुख्याध्यापकांना लेखी विचारलं. अर्जाची पोच घेऊन ठेवली आहे.

आता तुम्हाला सांगते. हे वाचून हळहळू नका, त्याचा उपयोग नाही. तुमचं लेकरू ज्या शाळेत आहे तिथं या आठवड्यात जा. ग्रंथालय कुठं आहे, दाखवा म्हणा. वाचनाचा तास कोणत्या वारी असतो, विचारा. चहा देतील, घ्या. पण खोली उघडून त्यात मुलं बसवल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.