सरकता मुक्काम

सीमेवरच्या ट्रकतळावर पावत्यांच्या चार खिडक्या आहेत. त्यातल्या चौथीत गेली सव्वीस वर्षं जी बाई बसते, तिला झाडून सगळे चालक वहिनी म्हणतात. दाढी पिकलेले म्हणतात, कालपरवा परवाना मिळालेले म्हणतात आणि ज्यांना आपल्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही असे परदेशी चालकही तेवढा एक शब्द शिकून घेतात. त्याने काम लवकर होतं असा त्यांचा समज आहे. समज चुकीचा आहे. वहिनी कुणाचंच काम लवकर करत नाहीत, नीट करतात.

काम तसं साधं. पलीकडच्या देशाच्या महामार्गावर अवजड गाडी घालायची तर रस्ता वापरल्याचे पैसे आधी भरावे लागतात. गाडीला एक्सल किती, मालासकट वजन किती, इंजिन किती धूर ओकतं आणि कितव्या फाट्याला उतरणार, हे सांगायचं. त्यावरून पावती निघते. पावतीवर रस्ता लिहिलेला असतो आणि वेळही. वाटेत जागोजागी कॅमेऱ्यांच्या कमानी आहेत. एका कमानीखालून गेलेली गाडी ठरल्या वेळेत पुढच्या कमानीखाली दिसली नाही, की दंडाचा कागद घरी. म्हणून वाटेत कुठे झोपायचं असेल तर तेही आधीच सांगायचं: कितव्या फाट्याला थांबणार, किती वाजता, परत रस्त्याला कधी लागणार. त्यासाठी पावतीवर ‘मुक्काम’ असा एक रकाना आहे.

वहिनींना हा सगळा रस्ता फाट्यांसकट पाठ आहे. अकराव्याला न्हाणीघरं स्वच्छ, सतराव्याचं वळण वाईट, विसाव्याला झोप लागते न लागते तोच कुणीतरी डिझेल चोरतं. नवख्या चालकाने मुक्कामाला विसावा फाटा सांगितला की वहिनी चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, “एकोणिसावा लिहिते.” तो मुकाट्याने मान हलवतो. गंमत अशी, की त्या रस्त्यावर वहिनींनी आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही. जे आहे ते सगळं खिडकीतून ऐकलेलं.

आणि दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी बाराच्या ठोक्याला, त्या खिडकीपुढे त्यांचे यजमान उभे राहतात.

चालकांमध्ये यजमानांचं नाव घड्याळ. अठ्ठावीस वर्षं एकाच कारखान्याला यंत्रांचे सुटे भाग पोचवतात. दुपारी एकला सीमा ओलांडायची, रात्री साडेनऊला एकतिसाव्या फाट्याला उतरायचं आणि कारखान्याच्या फाटकातून घरी फोन करायचा, “पोचलो.” बस्स, एवढंच. वहिनी “बरं” म्हणणार आणि मगच पानावर बसणार. आधी एक घासही नाही. लेकीने लग्नाआधी कितीदा समजावलं, शेवटी तिनेही नाद सोडला.

घरी ही दोघं फारशी बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, सवयच नाही. बोलणं व्हायचं ते खिडकीवर, आणि तेही सरकारी थाटात.

“वाहन?”

“तेच.”

“तेच नावाचं वाहन यादीत नाही. क्रमांक सांगा.”

यजमान पाठ केलेल्या पाढ्यासारखा क्रमांक म्हणत.

“एक्सल?”

“पाच.”

“वजन?”

“अडतीस टन. काल रात्री बायकोने आग्रह करून वाढलं, ते सोडून.”

“मुक्काम?”

“नाही.”

“दिलेली माहिती खोटी निघाल्यास दंडास पात्र राहीन, मान्य आहे?”

“मान्य आहे, बाई.”

मग सही, मग शिक्का, आणि काचेखालून पावती सरकवताना हळूच, “डबा घेतलात ना?” मागे रांगेतले चालक एकमेकांना कोपराने ढोसत. सव्वीस वर्षांत हा खेळ शिळा झाला नव्हता. खरं सांगायचं तर वहिनी त्या गुरुवारी जरा बरी साडी नेसून यायच्या.

थंडी सरून ऊन चढू लागलं तेव्हाची गोष्ट. एका गुरुवारी बारा वाजले आणि यजमान खिडकी क्रमांक दोनपुढे जाऊन उभे राहिले.

दोनमध्ये बसते ती धाकटी. वयाने आणि नोकरीने सगळ्यांत लहान म्हणून धाकटी, नाहीतर जिभेने थोरली. तिने पावती दिली आणि यजमान गेल्यावर खुर्ची सरकवत आली. “वहिनी, भांडलात का हो?”

“रांग होती माझ्याकडे,” वहिनी म्हणाल्या. रांगेत एकच माणूस होता.

रात्री साडेनऊला फोन आला, “पोचलो.” वहिनींनी “बरं” म्हटलं. यजमान परत आले तेव्हा आपणहून सांगू लागले, की तुझ्याकडे गर्दी होती, म्हटलं तुला कशाला त्रास, आणि ती मुलगी पण पटपट करते गं. एका दमात इतकी वाक्यं ते कधी बोलत नसत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वहिनींनी ऐकून घेतलं आणि भाजीत मीठ दोनदा घातलं.

पुढच्या खेपेलाही खिडकी दोन. तिसऱ्या खेपेलाही दोनच.

दुसऱ्या खिडकीची पावती उघडून पाहणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडणं, असं वहिनींचं मत होतं. ते मत त्यांनी बरोबर पाच आठवडे सांभाळलं. मग एका सकाळी, धाकटी चहाला गेलेली पाहून, त्यांनी संगणकावर यजमानांच्या गाडीचा क्रमांक घातला. तिन्ही पावत्या समोर आल्या. तिन्हींवर मुक्कामाचा रकाना भरलेला होता; शेवटच्या पावतीवर तेविसावा फाटा.

वहिनी खुर्चीत मागे टेकल्या. माणूस वाटेत कुठेतरी रात्र काढतो, पहाटे उठून पुढे जातो, आणि साडेनऊला आपल्याला फोन करून सांगतो, पोचलो! आणि आपण त्याच्या त्या एका शब्दावर इतकी वर्षं घास गिळतो आहोत. त्यांना रडू आलं नाही, संताप आला. बायकोपासून लपवता आलं तरी कमानीपासून लपवता येत नाही, म्हणून तर हा कागद होता; नाहीतर तोही नसता.

मन चिंती ते वैरी न चिंती. दोन दिवस वहिनींच्या मनाने जी काही चित्रं रंगवली ती सांगण्याजोगी नाहीत. तिसऱ्या दिवशी, त्या रस्त्यावर आठवड्यातून दोनदा जाणारा एक उंच चालक खिडकीवर आला. त्याला सगळे उंट म्हणत. वहिनी ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी लपवलं.

“काय रे, तेविसाव्या फाट्याला काय असतं?”

“तेविसाव्याला? काही नाही वहिनी. झाडं आहेत. एक मावशी चहा विकते.”

“किती वयाची?”

उंट गोंधळला. “चहा कोरा असतो वहिनी, वय नाही विचारलं.”

संध्याकाळी घरी वहिनी तीन पावत्यांच्या प्रती घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. यजमान पलंगावर झोपले होते, छातीवर वर्तमानपत्र. हल्ली ते वाचता वाचता लवकर झोपत. वहिनींनी पावत्या एकाखाली एक मांडल्या आणि रोज परक्या माणसांच्या वाचतात तशा वाचल्या. पहिली: फाटा एकोणीस, थांबणार साडेसहाला, निघणार सकाळी सहाला. दुसरी: फाटा एकवीस, सात ते साडेपाच. तिसरी: फाटा तेवीस, साडेसात ते पाच.

त्यांचं बोट थांबलं. ही कसली बाई, जी पंधरा दिवसांत दोन फाटे पुढे सरकते? दर खेपेला संध्याकाळी अर्धा तास उशिरा येते आणि सकाळी अर्धा तास लवकर सोडते?

समोरच्या खिडकीतून अजून उजेड येत होता. महिन्यापूर्वी या वेळेला दिवा लावावा लागायचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! वहिनींनी उंटाला विचारलं आणि उत्तर हातातल्या कागदावर होतं. दिवस मोठा होत होता. गाडी सूर्य मावळला की थांबत होती आणि उगवला की निघत होती. आपलं घड्याळ उन्हावर चालू लागलं होतं, कारण अंधारात त्याला दिसत नव्हतं.

मग बाकीचं भराभर आठवलं. वर्तमानपत्र दिव्याच्या अगदी खाली धरणं. जिन्यावर कठड्याला हात. आणि थंडीत गाडीचा डावा पत्रा घासला होता, तो ‘तळावर वळवताना’. वहिनी उठून पलंगापाशी गेल्या. झोपलेल्या नवऱ्याचा त्यांना इतका राग आला की त्याला हलवून उठवावंसं वाटलं, आणि इतकी माया आली की नुसतं वर्तमानपत्र उचलून चष्मा काढून ठेवला.  घरी हे बोलणं जमलं नसतं, दोघांनाही.

त्या गुरुवारी पावणेबाराला वहिनी धाकटीला म्हणाल्या, “जा, चहा घेऊन ये.”

“आत्ताच घेतला वहिनी.”

“मग जेवण घे. खिडकी बंद कर आणि जा.”

एक आणि तीन नंबरच्या खिडक्यांवरही त्यांनी काय जादू केली कोण जाणे. बाराला तिथे पाट्या लागलेल्या होत्या. यजमान दोन नंबरपाशी आले, पाटीजवळ डोळे नेऊन ती वाचली, इकडेतिकडे पाहिलं आणि मग सासरी निघालेल्या नव्या नवरीसारखे पाय ओढत चौथ्या खिडकीपुढे येऊन उभे राहिले.

“वाहन?”

त्यांनी क्रमांक सांगितला.

“एक्सल?”

“पाच.”

“वजन?”

“अडतीस.” बायकोच्या जेवणाचा विनोद झाला नाही.

“मुक्काम?”

यजमानांनी एकदा मागे पाहिलं. तिथे उंट उभा होता.

“आहे,” ते शेवटी म्हणाले.

“कितवा फाटा?”

“पंचवीस.”

वहिनींनी समोरचा संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मग त्यांना ते वाचता येणार नाही हे लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं. “फाटा पंचवीस. थांबणार आठला, निघणार साडेचारला. सकाळीच भरून ठेवलंय. मुक्कामाचं कारण?”

“तो रकाना पावतीवर नाही, बाई.”

“माझ्या पावतीवर आहे.”

यजमानांनी काचेच्या खालच्या फटीपाशी तोंड आणलं. “समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत फुटतात गं. सगळा रस्ता पांढरा होतो.” खिडकीवर ते ‘गं’ पहिल्यांदाच म्हणाले होते.

“कधीपासून?”

“थंडी लागली तेव्हापासून. नेटाने चालवली. एकदा कठड्याला घासली, तेव्हा घाबरलो. मग थांबायला लागलो.”

“आणि मला पोचलो म्हणून सांगत होतात.”

“तू जेवत नाहीस ना तोवर.”

वहिनींना यावर काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. सहा आठवडे साठवलेलं होतं. त्याऐवजी त्यांनी शिक्का उचलला आणि इतक्या जोरात मारला की शेजारचा कप हलला.

“डोळे तपासणारा म्हणेल, गाडी सोडा,” यजमान पुटपुटले. “मग मी काय करू? अठ्ठावीस वर्षं...”

“मोतीबिंदू असेल तर काढतील, पुन्हा चालवाल. नसेल तर घरी बसाल आणि मला डबा द्याल. मी कुणाला अंधारात पाठवणार नाही. परक्याला पाठवत नाही, तुम्हाला पाठवीन?” वहिनींचा आवाज आता ट्रकतळभर ऐकू जात होता आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. “बुधवारी सव्वादहाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. त्यांनी पाहिल्याशिवाय पुढची पावती नाही. चारही खिडक्यांना सांगून ठेवलंय. माहिती खोटी निघाल्यास दंडास पात्र राहीन, मान्य आहे?”

“मान्य आहे.”

“साडेनऊला फोन करायचा नाही. थांबलात की करायचा.”

यजमानांनी पावती खिशात घातली. दोन पावलं जाऊन ते परत वळले. “डबा घेतलाय,” ते म्हणाले. उंट तोंड फिरवून भिंतीवरचा जुना दरफलक वाचू लागला.

संध्याकाळी वहिनी घरी टेबलाशी बसल्या होत्या. पान वाढून तयार होतं. खिडकीत उजेड पिवळा झाला, मग तांबूस झाला. आठला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला.

“थांबलो,” यजमान म्हणाले.

वहिनींच्या तोंडून नेहमीचं ‘बरं’ निघेना. अठ्ठावीस वर्षं ज्याची वाट पाहत त्या उपाशी बसल्या होत्या, तो शब्द हाच होता असं त्यांना वाटलं.

“पंचविसाव्याला काय आहे हो?” त्यांनी विचारलं. त्या फाट्याचं मागचं-पुढचं सगळं त्यांना पाठ होतं, पण यजमानांच्या तोंडून त्यांनी तो रस्ता कधी ऐकला नव्हता.

 पलीकडे गाडीचं दार उघडून ते खाली उतरल्याचा आवाज आला.

“एक नळ आहे. दोन मोठी झाडं. आणि पुढे लांबवर पिवळं आहे काहीतरी. पीक असेल, नाहीतर फुलं असतील.” ते थांबले. “नीट दिसत नाही गं.”

“असू दे,” वहिनी म्हणाल्या आणि पान पुढे ओढलं. “पुढच्या खेपेला बघून सांगा.”