गालातला खडा

माझ्या लेकीच्या तोंडाला ताडाचा वास येत असे. धुरकट, किंचित मातकट, उन्हात तापलेल्या झावळीसारखा. संध्याकाळी नुंगंबाक्कमच्या बँकेतून मी तांबरमला घरी पोहोचले की ती धावत येऊन गळ्यात पडायची आणि तो वास माझ्या मानेवर उमटायचा. मला तो आवडत असे. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा राग सासूबाईंच्या माथी मारून मला मोकळं होता येणार नाही.

सासूबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. दुपारी तीनपासून सातपर्यंत त्या दिवाणखान्यात मुलांना कर्नाटक गायन शिकवत. श्रुतिपेटी घुमू लागली की प्रत्येक तळहातावर ताडाच्या खडीसाखरेचा एक तपकिरी खडा पडे. त्यानं घसा मऊ राहतो, अशी त्यांची श्रद्धा. खडा चावायचा नाही, गालात धरून विरघळू द्यायचा. नात कायम मांडीवर. ती गप्प राहावी म्हणून प्रत्येक नव्या वर्गाला तिलाही नवा खडा.

मी सांगलीची. कारखान्याच्या मळीच्या वासात वाढले, म्हणून पांढऱ्या साखरेचा मला तिटकारा. लेक झाल्यावर मी ती या घरातून हद्दपार केली, बिस्किटांसकट, आणि ते भांडण जिंकल्याच्या ताठ्यात वावरले. खडा तपकिरी होता, ओबडधोबड होता, औषधी म्हणवला जात होता. माझ्या लेखी तो साखर नव्हताच.

तिला तीन वर्षं पूर्ण झाली तेव्हा वरच्या दातांच्या मुळाशी खडूसारखी पांढरी रेघ दिसली. मी ती दुधाची समजून पुसली. काही महिन्यांत रेघ काळवंडली, दात कडेनं झिजले, आणि एका सकाळी हिरडीवर पुवाची पुळी आली.

"साखर आमच्या घरात येतच नाही," दंतवैद्यबाईंना मी अशा काही अभिमानानं सांगितलं, की त्यांनी हातातला छोटा आरसा खाली ठेवला.

"मग दिवसभर तोंडात काय असतं?"

"खडा," लेकच म्हणाली, आणि दाखवायला गाल फुगवला.

बाईंना मी खड्याची सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. "ताडाची असो, उसाची असो, दातांना ती साखरच. आणि किती दिली, यापेक्षा किती वेळ तोंडात राहिली ते बघा. हिचे दात दुपारभर पाकात बुडालेले असतात." पुढचे दोन दात काढावे लागणार होते. शेजारचे दोन वाचणार होते, पण खडा त्याच दिवशी थांबला तर.

घरी आल्या आल्या मी हे सासूबाईंना ऐकवलं.

"अय्यो, दुधाचे दात की ते! पडणारच. पडणाऱ्या घराला कोण गं चुना लावतं?"

"त्यांच्या मुळाशी पू झालाय, आई."

"साखरकारखान्याच्या गावची तू, मला गोडाचं शिकवतेस?"

"बंद केलं नाहीत तर मी तिला पाळणाघरात घालेन."

"घाल की! इंग्रजीत रडायला तरी शिकेल."

मी घालणार नव्हते, आणि ते त्यांना माहीत होतं. परक्या बाईच्या हाती पोर सोपवायची मला भीती वाटे. माझी नोकरी त्यांच्या मांडीवर उभी होती. त्या मांडीचा मी द्वेष करू लागले. दुसऱ्या संध्याकाळी लेक गळ्यात पडली आणि मानेवर पुन्हा तोच धुरकट वास. मी तिचे हात गळ्यातून सोडवले आणि तिला चूळ भरायला नेलं.

दात काढले त्या दिवशी सासूबाई दवाखान्यात आल्या नाहीत. वर्ग होता म्हणे. कापसावर ठेवलेले ते दोन दात भिजलेल्या कण्यांसारखे मऊ, कडेनं काळे. मी ते नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवणार होते. दंतवैद्यबाईंनी ते आधीच टाकून दिले.

आठवड्यानं हिरडी भरली आणि सासूबाईंनी नातीला पहिल्यांदा मांडीवरून उतरवून समोर बसवलं. तिनं गायला लागावं, ही त्यांची जुनी हौस. मी रजा घेऊन दारात उभी होते. पहारा द्यायला, असंच म्हणते.

"सा म्हण, पाप्पा." लाडात आल्या की त्या तिला तमिळमधलं 'बाळ' म्हणत.

"था," ती म्हणाली. सूर अचूक लागला होता. मधल्या फटीतून वारा निसटून गेला.

"सा."

"था."

इतर मुलं फिदीफिदी हसली. सासूबाईंनी स्वतः सा लावला, लांब, स्वच्छ, आणि तिला जीभ कुठे टेकवायची ते बोटानं दाखवू लागल्या. बोट त्या रिकाम्या जागेपाशी थांबलं. मला आनंद झाला. तो लपवावा असंही वाटलं नाही.

"चुकलं, आजी?"

"तुझं नाही," त्या म्हणाल्या आणि श्रुतिपेटी बंद केली.

त्या दिवशीचा खडा अजून मिळाला नव्हता, म्हणून मुलांनी सवयीनं तळहात पुढे केले. सासूबाईंनी सगळ्यांना रिकाम्या हातांनी घरी पाठवलं. माझ्याशी त्या याविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि मीही त्यांच्यासाठी विषय सोपा करून दिला नाही.